सनस्क्रीन घेताना डबी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला ‘नॅचरल’, ‘हर्बल’ काहीही छापलेलं असो, मागची घटकांची यादी वाचा. त्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल, तर ते खनिज सनस्क्रीन. संवेदनशील त्वचेला ते सहसा सोसतं. ऑक्सिबेन्झोन (ऊन शोषून घेणारं एक रसायन) असेल तर मी डबी परत ठेवते. प्रवाळांना अपाय होतो म्हणून हवाईत 2021पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. खनिज क्रीमने चेहरा जरा पांढुरका दिसतो, खरंय. सावळ्या रंगावर तर जास्तच. त्यासाठी हलकी रंगछटा असलेलं मिळतं.

एसपीएफ, म्हणजे डबीवर छापलेला ऊन अडवण्याचा आकडा, 30 पुरतो. तो यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतो, 50 असेल तर 98. एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे कशाला? त्यापेक्षा पीए+++ किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलंय का ते बघा, कारण या खुणा यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणारे किरण अडवण्याच्या आहेत आणि त्यांचं एसपीएफ काहीच सांगत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

खोबरेल, कोरफड, हळद? उन्हातून आल्यावर कोरफड लावा, गार वाटेल. पण ऊन अडवायला यातलं काही कामाचं नाही. लिंबू लावून तर उन्हात मुळीच जाऊ नका, कातडी भाजून काळे डाग पडतात.

खरा नैसर्गिक उपाय म्हणजे छत्री, घट्ट विणीचा सनकोट, रुंद काठाची टोपी आणि अकरा ते चार सावली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर एवढंच.