डिशवॉशरचा सेन्सर पाणी कसे वाचवतो, आणि त्यासाठी आपण काय करावे

भांडी डिशवॉशरमध्ये लावण्यापूर्वी ती नळाखाली विसळून घेण्याची सवय अनेक घरांत असते. सेन्सर असलेले यंत्र घेतले असेल, तर ही सवय सर्वांत आधी सोडावी. विसळण्यात पाणी जाते हे उघडच आहे, कारण सामान्य नळातून मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी सहज वाहून जाते. शिवाय पाणी वाचवण्यासाठी यंत्रात बसवलेला सेन्सर अशा वेळी निरुपयोगी ठरतो. हे कसे होते ते कळण्यासाठी यंत्राच्या तळाशी काय चालते ते माहीत हवे.

जोसेफाइन कॉक्रेन यांना भांडी धुण्याच्या यंत्राचे अमेरिकी पेटंट १८८६ मध्ये मिळाले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. पुढे विजेवर चालणारी घरगुती यंत्रे आली, तरी ती कित्येक दशके टायमरवरच चालत राहिली. किती वेळा पाणी भरायचे आणि किती वेळा सोडायचे हे कारखान्यातच ठरलेले असे. आत चार कप असोत की तेलकट पातेल्यांचा ढीग, पाणी तेवढेच लागे. अमेरिकेत १९९४ पूर्वी बनलेली अनेक यंत्रे एका धुण्याला १० गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ३८ लिटरपेक्षा जास्त पाणी घेत. १९९० च्या दशकात पाण्याचा गढूळपणा मोजणारे सेन्सर घरगुती यंत्रांत आले आणि हा हिशेब बदलला. तेव्हा एक अडचण पुढे आली: चाचणी स्वच्छ भांड्यांवर केली, तर सेन्सरचे यंत्र प्रत्यक्षापेक्षा फारच काटकसरी दिसे. म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००३ मध्ये अशा यंत्रांसाठी खरोखर खरकटी भांडी वापरून करायची वेगळी चाचणी ठरवली. २०१३ मध्ये तेथे नेहमीच्या आकाराच्या यंत्राला एका धुण्यासाठी ५ गॅलन, म्हणजे जेमतेम १९ लिटर, ही मर्यादा लागू झाली.

भांड्यांवरून ओघळलेले पाणी यंत्राच्या तळाच्या खळग्यात जमते आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा वर फेकतो. या वाटेवर एका पारदर्शक कवचाच्या एका बाजूला बारीक एलईडी असतो आणि समोर प्रकाश टिपणारा घटक असतो. एलईडीचा प्रकाश बहुधा डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड असतो. पाण्यात अन्नकण आणि तेलाचे थेंब जितके जास्त, तितका पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी. पहिल्या फेरीनंतर हे मोजमाप घेतले जाते. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल, तर यंत्र ते सोडून न देता मुख्य धुण्यासाठी तसेच ठेवते आणि एक अख्खी भरणी, म्हणजे साधारण तीन-चार लिटर पाणी, वाचते. गढूळ असेल, तर ते सोडून नवे घेते. तुलनेसाठी स्वच्छ पाण्याची खूण लागते. अनेक यंत्रे ती शेवटच्या विसळणीच्या पाण्यावरून स्वतःच ठरवून ठेवतात.

याच्या जोडीला पाणी आत येताना त्याचे माप घेणारी छोटी चक्री असते आणि तापमान मोजणारा घटक असतो. काही यंत्रे पंपाच्या मोटरला लागणाऱ्या विजेवरूनही पंपाला पुरेसे पाणी मिळते आहे की तो हवा ओढतो आहे हे ओळखतात.

म्हणजे सेन्सरला भांडी दिसत नाहीत, त्याला फक्त पाणी दिसते. भांडी लावताना हे एवढे लक्षात ठेवावे. हाडे, साली, भाताची शिते असे सुटे खरकटे चमच्याने किंवा कागदाने काढून टाकावे; सॉसचा थर, तेलकटपणा राहू द्यावा. सगळी भांडी आधीच विसळलेली असतील, तर सेन्सर वाचवणार असलेले पाणी आपण नळाखाली आधीच, आणि बहुधा जास्त प्रमाणात, वाहू दिलेले असते. काही भांडी विसळलेली आणि एखाद्या पातेल्याच्या बुडाला करपलेला थर, असे मिश्रण तर आणखी वाईट: पहिल्या फेरीत तो थर सुटत नाही, पाणी स्वच्छ दिसते, यंत्र धुणे आटोपते घेते आणि पातेले पुन्हा लावावे लागते. करपलेले भांडे वेगळे भिजत ठेवून मगच आत ठेवावे.

वाट्या आणि पेले नेहमी पालथे, थोडे कलते ठेवावेत. उताणी राहिलेली एक खोलगट वाटी आपल्यात पाणी साठवून धरते. अशा तीन-चार वाट्या झाल्या की खळग्यातले पाणी कमी पडते, पंप हवा ओढू लागतो आणि काही यंत्रे ती तूट नव्या पाण्याने भरून काढतात. स्प्रे आर्म, म्हणजे पाणी फवारणारी फिरती दांडी, हाताने एकदा फिरवून ती कशाला अडत नाही ना, हेही पाहावे.

प्रोग्रॅम निवडताना रोजच्या कमी-जास्त खरकट्या भांड्यांसाठी ऑटो निवडावा, कारण सेन्सरला निर्णयाची खरी मोकळीक तिथेच असते. इको हा प्रोग्रॅम वेळ जास्त घेतो, पण पाणी आणि वीज कमी. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून लागणाऱ्या नव्या लेबलवरचा लिटरचा आकडा याच प्रोग्रॅमचा असतो. यंत्र घेताना तो आकडा जरूर वाचावा. जादा विसळणीचे बटण मात्र कारणाशिवाय दाबू नये, कारण त्यामुळे एक भरणी नक्की वाढते.

हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण यंत्रात कधीही घालू नये. फेसाचे बुडबुडे प्रकाश विखुरतात, त्यामुळे स्वच्छ पाणीही सेन्सरला गढूळ वाटू शकते आणि पंपही अडखळतो.

पाणी वाया जाण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण मात्र पाण्यातले क्षार हे आहे. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे असेल आणि ते मृदू करण्यासाठी यंत्रात घालायचे मीठ संपले असेल, तर सेन्सरच्या कवचावर पांढुरका थर चढतो आणि यंत्राला सतत गढूळ दिसत राहते. उलट पाणी मृदू असताना जडपणाची सेटिंग वर ठेवली, तर पाणी मृदू करणारा भाग गरजेपेक्षा वरचेवर स्वतःला धुऊन घेतो आणि प्रत्येक वेळी त्यात काही लिटर पाणी जाते. म्हणून जडपणा मोजण्याची पट्टी वापरून पाणी तपासावे आणि माहितीपुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे सेटिंग करावी. थर चढलाच असेल, तर यंत्र रिकामे ठेवून डिशवॉशरसाठी मिळणारा क्षारनाशक घालून गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालवावा. फिल्टर महिन्यातून एकदा तरी काढून मऊ ब्रशने धुवावा आणि परत बसवताना तो पूर्ण फिरून घट्ट बसला आहे याची खात्री करावी. सैल राहिलेल्या फिल्टरमधून कण थेट पंपात जातात.

सेन्सर काम करतो आहे की नाही, हे घरीच तपासता येते. ऑटो प्रोग्रॅम लावून पहिली दहा-पंधरा मिनिटे जवळ थांबावे. फवाऱ्याचा आवाज थांबून थोडी शांतता होते, ते बहुधा मोजमाप असते. त्यानंतर निचऱ्याच्या पंपाची घरघर ऐकू आली तर पाणी सोडले, न आली तर ठेवले. त्याच सुमारास पडद्यावरची उरलेली वेळ एकदम कमी किंवा जास्त होते, तोही त्याच निर्णयाचा परिणाम असतो. घरात पाण्याचा मीटर असेल, तर इतर सर्व नळ बंद ठेवून धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा. एकदा अगदी कमी खरकट्या आणि एकदा चांगल्याच खरकट्या भांड्यांसह हे करावे. दोन्ही वेळा आकडा सारखाच आणि पुस्तिकेतील कमाल मर्यादेजवळ आला, तर आधी फिल्टर, मीठ आणि क्षारांचा थर पाहावा; एवढे करूनही फरक पडला नाही, तर तंत्रज्ञाला बोलावून केवळ सेन्सरच नव्हे, तर पाणी मोजणारी चक्री आणि आत पाणी सोडणारा व्हॉल्व्हही तपासायला सांगावे.