मस्कीसाठी पाण्यावर डुलणारं ल्यूर कसं चालवायचं

मस्की हा मोठा शिकारी मासा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांत भर उन्हाळ्यात, संध्याकाळी पाणी शांत असेल तर त्याच्यासाठी मी हेच ल्यूर, म्हणजे नकली आमिष, आधी बांधते. सात ते नऊ इंच, सिगारसारखं, मागे फिरतं पातंबितं काही नाही. म्हणजे ते आपोआप काहीच करत नाही. सगळं तुमच्या मनगटावर.

रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा. छोटा झटका द्या आणि लगेच टोक ल्यूरकडे परत न्या, लाइन सैल पडू द्या. खरी मेख इथेच आहे. लाइन ताणलेली राहिली तर ल्यूर सरळ ओढलं जातं. ढील मिळाली की नाक वळतं, डावीकडे, मग उजवीकडे. रीलने उरलेली ढील फक्त गुंडाळायची. झटका, ढील, झटका, ढील.

८० पाउंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन तरंगते, म्हणून तीच बरी. लीडर, म्हणजे लाइन आणि ल्यूर यांच्यामधला तुकडा, ताठ हवा. मऊ लीडर हुकात गुंततो.

मासा ल्यूरवर झेपावला आणि पाणी फुटलं की हात शिवशिवतात, पण हिसका देऊ नका! मस्कीचा नेम पुष्कळदा चुकतो. ताल तोच ठेवा, वजन जाणवलं की मगच जोरात ओढा. ल्यूरच्या मागे मासा आलेला असू शकतो, म्हणून ते बोटीपाशी आलं की रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढा. वळणं रुंद हवीत. एवढा लांब मासा चिंचोळ्या वळणात फिरत नाही.

मोठं जाळं, लांब पक्कड आणि हुक तोडायचं कटर हाताशी असू द्या. पाणी ८० अंश फॅरेनहाइटला पोचलं असेल तर मी मस्कीच्या वाटेलाच जात नाही. सोडलेला मासाही अशा पाण्यात दगावू शकतो.