घर सोडायचंय, वकील व्हायचंय: आधी करायची तयारी

घरात जिवाला धोका असेल तर ही यादी बाजूला ठेव आणि आजच बाहेर पड. अठरा पूर्ण नसतील तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन कर, मुलगी असशील तर महिलांची १८१ सुद्धा आहे, आणि तातडीच्या वेळी कधीही ११२. कागद नंतर मिळवता येतात. दारू, शिव्या, लग्नाची घाई, शिक्षण बंद करायच्या धमक्या, हे सगळं सोसत आणखी काही महिने ज्यांना काढता येतील, बारावी तोंडावर आहे आणि मनात वकिली आहे, त्यांच्यासाठी पुढचं लिहिते आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवेचं, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं, काम करताना अशी मुलं भेटतात. कपड्यांची बॅग बरोबर असते, कागद घरीच राहिलेले असतात. त्यामुळे माझ्या यादीत बॅग सगळ्यात शेवटी येते.

पहिलं काम मोबाइल नंबरचं. तुझ्या आधारला बहुधा वडिलांचा नंबर जोडलेला असेल. म्हणजे डिजिलॉकर (कागद ऑनलाइन ठेवायचं सरकारी ॲप) उघड, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भर, ओटीपी जाणार त्यांच्या फोनवर. एक तर तुझं काम अडेल, नाहीतर तुझे बेत घरी कळतील. आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे दिले की नंबर बदलून मिळतो, त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. अठरापर्यंत सिम स्वतःच्या नावावर मिळत नाही, तोवर विश्वासातल्या मावशीचा किंवा बाईंचा नंबर चालेल. बँकेचंही तेच. वडिलांबरोबरचं जॉइंट खातं असेल तर दुसऱ्या बँकेत स्वतःचं खातं काढ आणि आधार त्या नव्या खात्याला जोडून घे. हे राहिलं तर शिष्यवृत्तीचे पैसे जुन्या खात्यात पडतात आणि घरातलं कोणीतरी ते काढून घेतं.

मग कागद. दहावीचं गुणपत्रक, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, अधिवासाचा दाखला, हे एकेक करून जमतं. खरी अडचण जातीच्या दाखल्याची आणि वैधता प्रमाणपत्राची. त्यासाठी वडिलांकडचे जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची ती पिवळी पडलेली प्रत ट्रंकेत असते, आणि घर सुटल्यावर ती कोणी हातात देत नाही. वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजातून लावून टाक. घरी सांगायला कारणही सरळ आहे, कॉलेजने मागितलंय. उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढताना तीन वर्षांचा माग. सगळ्याचे फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेव आणि एक झेरॉक्स संच घराबाहेरच्या माणसाकडे दे.

वयाचा प्रश्न नीट समजून घे. अठराच्या आत नुसतं निघून गेलं आणि घरच्यांनी तक्रार दिली, तर अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो आणि ज्या मैत्रिणीच्या आईने तुला आसरा दिला तिच्या दारात पोलीस उभे राहतात. म्हणून अठराच्या आतला रस्ता बालकल्याण समितीचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीचा. ती प्रत्येक जिल्ह्यात असते आणि तिच्यासमोर मूल स्वतःहूनही जाऊ शकतं. संस्थेत राहिलेल्यांना अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूदही कायद्यात आहे. अठरा पूर्ण असतील तर निघतानाच पोलीस ठाण्यात अर्ज दे: मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने वेगळं राहते किंवा राहतो, माझा पत्ता घरच्यांना देऊ नये. त्याची पोच घे. शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच हातात नसेल तर अर्ज दिला हे तू सिद्ध कसं करणार? मुलींना घर न सोडताही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बापाविरुद्ध, भावाविरुद्ध संरक्षण मागता येतं. स्त्रिया आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००.

राहायची सोय प्रवेशाआधी बघ. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था आहेत. अर्जांच्या तारखा मात्र पाळाव्या लागतात.

परीक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मराठी माध्यमातल्या, पैशाचं पाठबळ नसलेल्या मुलाने आधी राज्याची विधी सीईटी, म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एलएलबीची प्रवेश परीक्षा, धरावी. पेपर मराठीतूनही असतो, १२० प्रश्न, दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, फक्त इंग्रजीत असते, गुण कापले जातात आणि त्या विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते. पाच वर्षांच्या कोर्सला खुल्या वर्गाला बारावीत ४५ टक्के लागतात. पण घर सोडल्याबरोबर पोट भरायची वेळ येणार असेल तर पाच वर्षांच्या कोर्सचा हट्ट धरू नकोस. नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बीए कर आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोन्हीकडची सारखीच.

आणि हे सगळं करण्याआधी एक दिवस कोर्टात जाऊन बस. कोर्ट खुलं असतं, कोणी अडवत नाही. सकाळी अकराला मागच्या बाकावर बसून बघ: शिपाई पुकारा करतो, पक्षकार धावत येतो, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते. घरातल्या अन्यायाचा राग मनात घेऊन वकिलीकडे येणारी मुलं मला आवडतात, पण कामाचा मोठा भाग हा असा आहे, कागद वाचण्याचा आणि वाट बघण्याचा. त्या दिवसानंतरही ओढ टिकली तर पुढे ये. सुरुवातीची काही वर्षं ज्युनिअरच्या हातात फार पैसे पडत नाहीत, आणि २०२५ च्या निकालानंतर न्यायाधीशपदाच्या पहिल्या परीक्षेलाही तीन वर्षांची वकिली लागते, हे हिशेबात धर. एक ओझं मात्र उतरलंय: सनदेच्या नोंदणीच्या फीला सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादा घातली, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, बाकी सगळ्यांना ७५०.

धाकटं भावंड घरी मागे राहणार असेल तर निघण्याआधी त्याच्याकडून १०९८ पाठ करून घे. त्याच्या वर्गशिक्षकांना भेटून घरची परिस्थिती खरी सांग आणि तुझा नवा नंबर त्यांच्याकडे लिहून दे.