पावडर सुटल्यावर ‘नुसती बिअर’: या चुका टाळा

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशन करताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते मला ऐकू येते : ‘माझा प्रॉब्लेम पावडरचा (म्हणजे ब्राउन शुगरचा, हेरॉइनच्याच अशुद्ध रूपाचा) होता, दारूचा कधीच नव्हता.’ वाक्य बहुधा खरे असते. पण दारूने आधी सुटतो तो मनावरचा ताबा, आणि नुकत्याच सावरलेल्या माणसाची सारी भिस्त त्याच ताब्यावर असते.

आठ महिने ब्राउन शुगरपासून दूर राहिलेल्या एका तरुणाने, एवढी तरी मुभा हवी म्हणून, बिअर सुरू केली. माल देणाऱ्याचा नंबर त्याने माझ्यासमोर फोनमधून पुसला होता; तिसऱ्या ग्लासानंतर तो त्याच्या बोटांना तोंडपाठ निघाला. मात्रा घेतली तीही जुन्या सवयीची. आठ महिन्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, शिवाय दारू आणि हेरॉइन दोन्ही श्वास मंदावतात. भावाला तो बाथरूममध्ये सापडला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. हेरॉइनचा अंमल उतरवणारे नॅलोक्सोन हे औषध वेळेवर मिळाले म्हणून वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, ‘पण बिअरच तर होती!’ तेव्हा मी गप्प राहिलो. आता हे वाक्य कोणी उच्चारले की रागावतो. पावडर सोडून तीन महिने होतात न होतात तोच ‘प्रमाणात पिऊन दाखवतो’ म्हणणाऱ्या उतावळ्यांना मी एवढेच सांगतो की, मला फोन पहिल्या ग्लासाच्या आधी करा, नंतर नव्हे.

हेरॉइनच्या व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधे किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना पिणे हाही श्वासाशीच खेळ आहे. सुईमुळे हिपॅटायटिस सी झालेला असेल, तर दारू यकृत अधिक वेगाने पोखरते.

रोज पिणाऱ्याने मनाच्या हिय्यावर एकदम बंद करणे ही उलट्या टोकाची चूक होय, कारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

मला सर्वांत खटकतो तो घरच्यांचा ‘सोपा उपाय’, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी कुटून त्याच्या नकळत जेवणात मिसळणे. वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका सुमारे 14 दिवस टिकतो. चोरून द्यायला गोळी मागणाऱ्यांना मी रिकाम्या हाती परत पाठवतो आणि पुढच्या वेळी पिणाऱ्यालाच सोबत आणायला सांगतो.