डेंटिन बाँडिंगवर डिझर्टेशन करताय? आधी दात नीट सांभाळा

एमडीएसच्या (डेंटलच्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षी सिनॉप्सिसची, म्हणजे डिझर्टेशनच्या आराखड्याची, वेळ आली की कॉन्झर्व्हेटिव्हमधले (फिलिंग आणि रूट कॅनालच्या शाखेतले) बरेच जण बाँडिंगचा, म्हणजे इनॅमलखालच्या डेंटिनला फिलिंग चिकटवण्याचा, टॉपिक घेतात, दोन अ‍ॅडहेसिव्ह (चिकटवणारी रेझिन द्रव्यं) घ्यायचे, बाँड स्ट्रेंथ (जोड तोडायला किती ताण लागतो) काढायची, ज्याचा आकडा मोठा तो चांगला असं लिहायचं. टॉपिक वाईट नाहीये, उलट खूप चांगला आहे, पण त्या आकड्यात मटेरियलपेक्षा तुमचा हात, तुमचा दात आणि तुमची कापणीच जास्त दिसते, म्हणून सगळी मेहनत तिथे घाला.

इनॅमलला रेझिन कसं चिकटवायचं हे कोडं ब्यूनोकोरने १९५५ मधेच सोडवलं होतं, ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड ३० सेकंद लावून. डेंटिनला मात्र वेळ लागला कारण तिथे पाणी आहे, कोलॅजन (प्रथिनाचे धागे) आहे, ट्यूब्यूल्स (सूक्ष्म नळ्या) आहेत. नाकाबायाशींनी १९८२ मधे दाखवलं की रेझिन कोलॅजनच्या जाळ्यात शिरून हायब्रिड लेयर, म्हणजे दोघांचा मिश्र थर, तयार होतो, आणि आपण आजही तो लेयर किती चांगला बनला आणि किती टिकला हेच मोजतोय.

तर दात. कॅरीज (कीड) नसलेल्या थर्ड मोलर्स (अक्कलदाढा) सर्वात बऱ्या, ओरल सर्जरीवाल्यांना आधीच सांगून ठेवा, एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती घ्या. काढल्यावर साफ करून ०.५ टक्के क्लोरामाइन टी मधे जास्तीत जास्त आठवडाभर, मग डिस्टिल्ड वॉटरमधे फ्रीजला, ४ डिग्रीच्या आसपास, पाणी अधूनमधून बदलत राहायचं. सहा महिन्यांच्या आत वापरा. फॉर्मॅलिनमधे टाकू नका, त्याने कोलॅजनच बदलतं आणि मग तुम्ही कशाला बाँड करताय तेच कळत नाही.

कापताना ऑक्लुझल इनॅमल स्लो स्पीड डायमंड सॉने पाण्याखाली काढायचं, मग स्टिरिओमायक्रोस्कोपखाली बघा कुठे इनॅमलचं बेट राहिलंय का, राहिलं असेल तर अजून थोडं काढा. पण फार खोल पण जाऊ नका, पल्पजवळ ट्यूब्यूल्स जास्त आणि रुंद असतात, डेंटिन ओलसर असतं, तिथला आकडा वेगळा येतो. एका ग्रुपमधे वरवरचं आणि दुसऱ्यात खोल डेंटिन आलं तर सगळा स्टडी गेला. मग ६०० ग्रिटचा सिलिकॉन कार्बाइड पेपर, वाहत्या पाण्याखाली ६० सेकंद, प्रत्येक दाताला तेवढाच वेळ, म्हणजे स्मिअर लेयर (कापताना, घासताना बसणारा भुग्याचा थर) सारखा येतो. सेल्फ एचमधे (वेगळं अ‍ॅसिड न लावता प्रायमरच एच करतो) हे फार महत्त्वाचं आहे, कारण माइल्ड प्रायमरचं अ‍ॅसिड सौम्य असतं आणि त्याला त्या स्मिअर लेयरमधूनच वाट काढायची असते.

बाँडिंगच्या वेळी कंपनीची सूचना शब्दशः पाळा, स्वतःचं काही घालू नका. एच अँड रिन्स (आधी अ‍ॅसिड लावून धुवायचं) असेल तर डेंटिनला १५ सेकंदांच्या वर अ‍ॅसिड नको, धुतल्यावर एअरने कोरडं ठक्क करू नका, कोलॅजन खाली बसतं आणि रेझिनला आत जायला जागाच उरत नाही, टिपून घ्या, पृष्ठभाग ओला चमकताना दिसला पाहिजे पण डबकं नको. सेल्फ एचचा प्रायमर चोळत लावा, मग हळू हवा मारा, थर हलायचा थांबला की सॉल्व्हंट गेला असं समजा. फ्रीजमधली बाटली काढून लगेच वापरू नका, रूम टेंपरेचरला येऊ द्या. लाइट क्युअरचं आउटपुट रेडिओमीटरवर रोज बघा. कॉम्पोझिट (रेझिनचं फिलिंग) बिल्डअप झाला की दात ३७ डिग्रीच्या पाण्यात २४ तास.

आता टेस्ट. शिअर (जोड बाजूने ढकलून तोडायचा) सोपी, पण बाँडचा एरिया मोठा असल्याने स्ट्रेस सारखा पसरत नाही आणि पुष्कळदा डेंटिनच आतून फुटतं. सानोंनी १९९४ मधे मायक्रोटेन्साइल (जोड ओढून तोडायचा) आणली, आता त्यासाठी बाँड केलेल्या दातातून साधारण १ स्क्वेअर मिलिमीटरची बारीक स्टिक कापतात. जमलं तर हीच करा, आणि एरिया लहान असला की आकडे मोठे येतात म्हणून शिअरच्या पेपरशी स्वतःचे आकडे ताडून बघू नका. प्रत्येक स्टिक डिजिटल कॅलिपरने मोजा, अंदाजाने १ धरू नका, ३५ न्यूटनला तुटलेली स्टिक १ बाय १ असेल तर ३५ मेगापास्कल, आणि ०.९ बाय ०.९ असेल तर थेट ४३, फरक बघा केवढा आहे.

यूटीएम (स्टिक ओढून तोडणारं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) बहुतेक वेळा इंजिनीअरिंग कॉलेजमधे जाऊन वापरावं लागतं. बुकिंगच्या आधीच लोड सेल विचारा, सिमेंट आणि स्टीलसाठीचे किलोन्यूटनवाले सेल आपल्या ३०-४० न्यूटनच्या स्टिकला उपयोगाचे नाहीत, ५०० न्यूटन किंवा त्याखालचा मागा. स्पीड मिनिटाला १ मिमी किंवा त्याहून कमी. जिगवर (स्टिक धरणाऱ्या साच्यावर) सायनोअ‍ॅक्रिलेट ग्लूने चिकटवताना ते इंटरफेसपर्यंत (जोडापर्यंत) ओघळलं तर ती स्टिक बाद.

तुटलेली प्रत्येक स्टिक मायक्रोस्कोपखाली बघायचीच, अ‍ॅडहेसिव्ह (जोडावर तुटली), कोहेसिव्ह (डेंटिन किंवा कॉम्पोझिटच्या आत) की मिक्स्ड. डेंटिनच फुटलं असेल तर तो आकडा बाँडचा नाहीच. कापतानाच तुटलेल्यांना शून्य धरायचं की वगळायचं हे सिनॉप्सिसमधेच लिहून टाका, आणि किती तुटल्या ते रिझल्टमधे द्या, लपवू नका, ज्या मटेरियलच्या जास्त तुटल्या त्याबद्दल तीच सर्वात मोठी माहिती आहे. एका दाताच्या दहा स्टिक म्हणजे दहा सॅम्पल नाहीत, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना सांगा की युनिट दात आहे.

आणि २४ तासांवर थांबू नका, हे मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते. ताज्या बाँडचे आकडे बहुतेक सगळ्या मटेरियलचे चांगलेच येतात, नंतर पाणी आत शिरतं, रेझिन झिजतं आणि उघड्या पडलेल्या कोलॅजनला डेंटिनमधलेच एमएमपी एन्झाइम खातात, म्हणून तर त्यांना रोखायला २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावून बघायचे एवढे स्टडी झाले. अर्ध्या स्टिक सहा महिने पाण्यात ठेवा. वेळ नसेल तर ५ ते ५५ डिग्री थर्मोसायकलिंग (थंड-गरम पाण्यात आलटून पालटून बुडवणं), पण ५०० सायकल अगदीच कमी आहेत, तोंडातल्या एका वर्षाला साधारण १०,००० धरतात. पहिल्या वर्षाच्या शेवटी बाँडिंग उरकलंत तर एजिंगला वेळ सहज मिळतो, म्हणून दात गोळा करायला सिनॉप्सिस मंजूर झाल्या झाल्या लागा.