कपाटात बूट-चपलांचे कप्पे करताना या चुका टाळा

सुताराला कपाटाचं माप दिलं जातं, बुटांचं कुणी देत नाही. ‘तीन फूट रुंद, खालचे दोन-तीन कप्पे चपलांना’ एवढ्यावर प्लाय कापला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी घरातली सगळी पायताणं फरशीवर जोडीजोडीने मांडा आणि टेप लावा. पुरुषांचे ९ नंबरचे स्पोर्ट्स शूज साधारण ३० ते ३१ सेंमी लांब भरतात आणि जोडीला २१-२२ सेंमी रुंदी लागते. बायकांच्या सँडलच्या जोडीला १७-१८ सेंमी पुरतात. उंचीत हात घालायची जागाही धरा: साध्या चपलांना १२, बुटांना १६, टाचेच्या सँडलला २० सेंमी.

आता तीन फुटांचा हिशोब बघा. बाहेरून ९१.४ सेंमी. दोन्ही बाजूंचा १८ मिमी प्लाय वजा केला की आत उरतात ८७.८. बावीस सेंमीच्या चार जोड्यांना ८८ लागतात, म्हणजे चौथी जोडी दोन मिलिमीटरसाठी अडते! कपाट आधीच झालं असेल तर प्रत्येक जोडीतला एक बूट टाच पुढे करून ठेवा. बूट टाचेकडे निमुळता असल्याने जोडीमागे दोन-तीन सेंमी सुटतात आणि चौथी जोडी आरामात बसते.

खोलीची चूक याहून मोठी. कपड्यांच्या कपाटाची खोली २२ इंच असते, बुटाला लागते १३ इंच. तेवढा खोल कप्पा स्थिर फळीचा केला की मागच्या अर्ध्या भागात गेलेली जोडी दिसतच नाही. इथे बाहेर सरकणारा ट्रे हवा, २० इंची टेलिस्कोपिक चॅनलवर (ट्रे सरकवणाऱ्या, छर्रे असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर). पुढे बूट सरळ, मागच्या १८-१९ सेंमीत चपला आडव्या.

ट्रे अडकतो किंवा खडखडतो, त्याची कारणं ठरलेली आहेत. चॅनल एका बाजूला अर्धा इंच जागा खातं, म्हणून ट्रे मोकळ्या मापापेक्षा २६ मिमी कमी रुंद हवा. घट्ट झाला तर ट्रेच्या बाजूला रंधा मारा, ठोकून बसवू नका, चॅनलमधले छर्रे निसटतात. सैल झाला तर चॅनलमागे १ मिमी सनमायकाची पट्टी सारा. आणि शटर (कपाटाचं दार) आतल्या बाजूने बसणारं असेल किंवा पूर्ण उघडत नसेल, तर बिजागरीच्या बाजूला १८ मिमीचं पॅकिंग (चॅनलमागे लावायची प्लायची पट्टी) दिल्याशिवाय ट्रे शटरच्या कडेला अडतोच. दोन्ही बाजूंना पॅकिंग, चॅनल आणि ट्रेच्या १२ मिमीच्या बाजू धरल्या तर आतली ८७.८ ची जागा ७९ वर येते. तिथे चार पुरुषी जोड्या नाहीत, दोन पुरुषांच्या आणि दोन बायकांच्या मावतात. हे कापण्याआधी कागदावर मांडा.

तिरप्या फळ्या दुकानात छान दिसतात. ३३ सेंमीची फळी २० अंशांत तिरपी केली की मागची कड ११ सेंमी वर जाते. म्हणजे तळाला आणि माथ्याला मिळून जवळजवळ एका कप्प्याची उंची वाया. कपाट लहान असेल तर सरळ फळीच बरी. तिरपी करायचीच तर १५ ते २० अंश ठेवा, पुढे निदान दोन सेंमीची पट्टी लावा. अर्धा इंची पट्टीवरून बूट घसरतात.

हवेसाठी जाळीच्या किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या फळ्या सुचवल्या जातात. आपल्या खान्देशात हा सल्ला अंगाशी येतो. पावसाळ्यात बुटाला चिकटलेली काळी माती वाळली की खडे होऊन सुटते आणि थेट खालच्या जोडीवर पडते. फळी अखंड, सनमायका लावलेली ठेवा. हवेसाठी फळीच्या मागे दोन-अडीच सेंमी फट सोडा. सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरा, माती कागदासकट उचलता येते.

शटरला भोकं एकाच ठिकाणी पाडणं ही नेहमीची चूक. खाली चार आणि वर चार हवीत, तरच हवा खालून शिरून वर निघते. बिजागरी बसवताना सुतार वापरतो त्या ३५ मिमी ड्रिल बिटनेच ती पडतात. वास येत असेल तर सुगंधी गोळ्यांनी काही होत नाही. सगळं बाहेर काढा, ट्रे दोन दिवस सावलीत उघडे ठेवा. ओले बूट कागद भरून रात्रभर बाहेर सुकू द्या, मगच आत.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत शक्यतो टाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि ती भिंत रात्रीही गरम असते. तळव्याचा गोंद सुटतो. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळवा दमट हवेत आपोआप फुटत जातो, उष्णतेने तो वेग वाढतो, म्हणून न वापरता वर्षानुवर्षं ठेवलेल्या बुटाचा तळवा पहिल्याच दिवशी चुरा होतो.

पार्टिकल बोर्ड इथे नकोच. फरशी पुसताना पाणी लागलं की खालची कड फुगते, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) प्लाय घ्या, कापलेली प्रत्येक कड एज बँडने (कडेवर चिकटवायच्या पट्टीने) बंद करा, न दिसणारी सुद्धा. तळ तीन-चार इंच उचला, भिंतीपासून अर्धा इंच सोडा आणि त्या फटीत वर्षातून दोनदा टॉर्च मारा. वाळवीची मातीची नळी आधी तिथेच दिसते.

तीन फुटांवर १२ मिमीची फळी वाकते. वाकलीच असेल तर बदलू नका, उलटी करून पुढच्या कडेखाली दीड इंची पट्टी स्क्रूने लावा.

भिंतीत कडप्प्याचं कपाट असेल तर ते बुटांना उत्तम, पाण्याची भीती नाही. खोली नऊ-दहा इंचच असेल तर बूट भिंतीला समांतर ठेवा: जोडीची २२ सेंमी रुंदी खोलीत बसते, लांबी आडवी जाते.