मोठे कॅलिपर घेण्याआधी: रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी ब्रेक कसे निवडावेत

पसरणी घाट उतरताना शेवटच्या दोन वळणांवर माझं ब्रेक पेडल मऊ पडलं. ब्रेक लागला, पण पाय नेहमीपेक्षा बराच खाली गेला, आणि पुढच्या वळणावर त्याहून खाली. पेडल पंप करत, दुसऱ्या गिअरमध्ये कसाबसा वाईत पोचलो. चाकांतून करपट वास येत होता. घरी येऊन मी काय केलं, तर रात्री एकपर्यंत मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनच्या लाल कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) किमती बघत बसलो.

दोन दिवसांनी मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पुढच्या कॅलिपरचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) पाव आटा सैल केला आणि पारदर्शक नळीत जे उतरलं ते मला दाखवलं. कोऱ्या चहाचा रंग, त्यात काळपट कण. "कॅलिपर नंतर घ्या साहेब. हे ऑइल किती वर्षांचं आहे?" गाडी सेकंडहँड घेतली होती, मला उत्तर देता येईना.

तेव्हापासून ब्रेक बदलायचे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: नक्की काय कमी पडतंय?

आधी दुखणं ओळखा

कोरडा, मोकळा, मागेपुढे कोणी नसलेला रस्ता बघा. ताशी ६०-७० वर ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवली, तर तुमच्या ब्रेकमध्ये टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीपासूनच आहे. मग डिस्क केवढीही मोठी लावा, त्या एका ब्रेकमध्ये गाडी लवकर थांबणार नाही. लवकर थांबायचं असेल तर पैसा टायरवर घाला. हे अनेकांना पटत नाही, कारण टायर काळे असतात आणि कॅलिपर लाल.

मग मोठे ब्रेक कशासाठी? उष्णतेसाठी. ब्रेकचं काम गाडीच्या वेगाची उष्णता करणं आणि ती हवेत सोडणं. १३०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली की साधारण ५०० किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी १८० वरून थांबवली तर १६२५. वेग दुपटीहूनही कमी वाढला, उष्णता सव्वातीन पट झाली. आता ट्रॅकवरचं एक वळण घ्या: १८० वरून ६० वर. १४४० किलोज्यूल. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर आणि प्रत्येक डिस्क सात किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये त्या डिस्क दीडशे अंशांनी तापतात. पुरत्या गार व्हायच्या आत पुढचं वळण समोर असतं.

या उष्णतेत दोन वेगवेगळ्या गोष्टी हरतात, आणि कुठली हरली ते पायाला कळतं. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय: त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि पाय ते बुडबुडे दाबतोय. पेडल दगडासारखं घट्ट आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड हरलेत. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

ऑइल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांची ब्रेक ऑइलं हवेतलं पाणी शोषतात, म्हणून प्रत्येकाचे उत्कलनबिंदू दोन: कोरडा आणि ओला. डॉट ४ च्या मानकात किमान २३० अंश कोरडा आणि १५५ अंश ओला. ओला म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावरचा. फक्त तेवढ्या पाण्याने ७५ अंश गेले. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी चार पावसाळे पाहिलेल्या ऑइलची कल्पना करावी.

रस्त्यापुरता वापर असेल तर चांगलं डॉट ४ किंवा ५.१, दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर. ट्रॅकवर जाणार असाल तर रेसिंग ऑइल घ्या. मोतुल आरबीएफ ६०० चा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. कॅस्ट्रॉल एसआरएफ महाग आहे, पण त्याचा ओला उत्कलनबिंदूही २७० आहे, आणि वर्षातून दोन-तीनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला हा आकडा जास्त कामाचा. डॉट ५ मात्र वेगळं प्रकरण आहे. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही, आपल्या एबीएसच्या गाड्यांत ते घालू नये. नावातल्या त्या '.१' ला फार किंमत आहे.

ऑइल बदलणं घरी जमतं, फक्त माणसं दोन लागतात. मी चाकाशी बसतो, भाचा आत. "दाब" म्हटलं की तो पेडल दाबतो आणि "धरलं" म्हणतो. मग मी निपल उघडतो, बुडबुडे नळीतून जाताना दिसतात, निपल बंद करतो, आणि त्यानंतरच म्हणतो "सोड". हा क्रम मोडला तर गेलेली हवा परत आत. पहिल्यांदा त्याने "सोडू का मामा?" विचारतानाच पाय उचलला होता, आणि त्या चाकाचं सगळं काम पुन्हा करावं लागलं. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. डब्यातली पातळी खाली जाऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. आणि वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली "वाया कशाला" म्हणून वापरू नका.

पॅड

निवडीचा खरा कस इथे लागतो. प्रत्येक पॅडला त्याचा असा तापमानाचा पट्टा असतो. कंपनीतून आलेले पॅड थंडीत, पावसात, पहिल्या ब्रेकला उत्तम धरतात, आवाज करत नाहीत, पण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांची पकड घसरायला लागते. शुद्ध रेसिंग पॅड याच्या उलट. तापले की भिंत, थंड असताना लाकडाचे ठोकळे. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर रिक्षा आडवी आली की ते धरतीलच असं नाही. शिवाय थंडपणी ते डिस्क किसून काढतात आणि सिग्नलला असे किंचाळतात की लोक वळून बघतात.

आपल्याकडे या निवडीला आणखी एक पदर आहे. पुण्याहून कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हेही दूरच. गाडी ट्रेलरवर नेणारे थोडे, बाकीचे चालवतच नेतात. म्हणजे ट्रॅकवरच्या तासाभरासाठी घेतलेल्या पॅडवरच ट्रक, गुरं, स्पीडब्रेकर आणि पाऊस असा दोन दिवसांचा हायवे कापायचा. म्हणून बहुतेकांसाठी योग्य पॅड मधल्या गटातले: रस्त्यावर थंडपणी धरणारे आणि ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं टिकणारे. फेरोडोचं डीएस २५०० किंवा ईबीसीचं यलोस्टफ ही या गटातली नेहमी ऐकू येणारी नावं. ज्यांना तिथे जाऊन चाकं उघडायचा कंटाळा नाही, त्यांनी रेसिंग पॅड डिकीत न्यावेत आणि ट्रॅकवर बदलावेत. पण दोन जातींचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून वापरले की आधीचा थर आणि नवा पॅड यांचं नेहमी पटतंच असं नाही. शक्य असेल तर डिस्कचा वेगळा जोड ठेवा.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर दोन अक्षरं छापलेली सापडतात: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं थंडपणीच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. घाटरस्त्याच्या गाडीला एफएफ बघून घ्यावं. ट्रॅकसाठी मात्र ही अक्षरं पुरत नाहीत, कारण त्यांची चाचणी ट्रॅकवरच्या तापमानापर्यंत जातच नाही. तिथे पॅड बनवणाऱ्याचा तापमानाचा आलेख मागा. दुकानदार आलेख दाखवू शकत नसेल आणि भाव फारच आकर्षक असेल, तर माल नकली असण्याची शक्यता धरून चला. ब्रेक पॅडमध्ये नकली मालाचा सुळसुळाट आहे.

जाडीचं गणितही ट्रॅकवर बदलतं. रस्त्यावर तीन मिलिमीटरपर्यंत पॅड वापरणारे आहेत. ट्रॅकवर पॅड अर्धा झाला की मी बदलतो. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट पिस्टनमधून ऑइलला जाते, आणि आपण पुन्हा पसरणी घाटात.

नळ्या आणि डिस्क

स्टीलच्या जाळीच्या ब्रेक नळ्यांनी गाडी लवकर थांबत नाही. रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते, ही फुगत नाही, म्हणून पेडल नेमकं लागतं. दहा वर्षं जुन्या रबरी नळ्या बदलायच्याच असतील तर या घ्या. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी कुठे ताणली किंवा घासली जात नाही ना, ते स्वतः वाकून बघा.

डिस्कच्या बाबतीत माझं मत साधं आहे: भोकं नकोत. जुन्या काळच्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट म्हणून ती आली, आजच्या पॅडना त्यांची तेवढी गरज नाही. ट्रॅकवर भेगा बहुतेकदा भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात. खाचांच्या डिस्क चालतील, पण त्या पॅड लवकर खातात. साध्या, चांगल्या ओतकामाच्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क पुरतात, आणि ट्रॅकवर डिस्क ही खपाऊ वस्तू असल्याने स्वस्त असलेल्या बऱ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. २५ मिलिमीटरची डिस्क साधारण २२ ला निकामी धरतात. "लेथ मारून देतो" म्हणणाऱ्याला आधी जाडी मोजायला सांगा. धातू गेला म्हणजे उष्णता साठवायची जागाही गेली.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं तेव्हा सगळे म्हणतात डिस्क वाकली. बहुतेकदा ती वाकलेली नसते. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरल्याने पॅडचा थर एका जागी जास्त बसलेला असतो.

मोठ्या ब्रेकचा किट कधी?

ऑइल नवं, पॅड योग्य, डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा काढून किंवा नळीने हवा वळवून डिस्कला वारा दिला, आणि तरीही तिसऱ्या फेरीत ब्रेक हरतायत. इंजिनची ताकद वाढवलेली गाडी असेल तर असं होतं. मग मोठ्या डिस्क घ्या, कारण आता तुम्हाला खरोखरच जास्त लोखंड हवंय.

पहिला पर्याय त्याच घराण्यातल्या मोठ्या गाडीचे मूळ ब्रेक. सुटे भाग सहज मिळतात आणि किंमत सहसा कमी. बाजारातला किट घेणार असाल तर तीन गोष्टी विचारा. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळच्या किती पट आहे? ते २० टक्क्यांनी वाढलं तर पेडलही तेवढंच जास्त खाली जाणार, कारण मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) तोच आहे. पुढे-मागे ताकदीचा समतोल राहतो का? फक्त पुढे फार ताकद घातली की मागची चाकं काम करायच्या आधीच पुढची एबीएसला टेकतात आणि थांबायचं अंतर वाढतं, म्हणजे पैसे देऊन मंदावलेला ब्रेक. तिसरं, तुमच्या चाकात ते बसतं का? व्यास पुरला तरी कॅलिपरची जाडी स्पोकला अडू शकते. विक्रेत्याकडून पुठ्ठ्याचा साचा मागवा आणि चाक उतरवून लावून बघा.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. त्याच मापाच्या पॅड-डिस्कबद्दल कोणी विचारत नाही. किट बसवण्याआधी मात्र विमा कंपनीला लेखी कळवा.

पॅड बसवणं आणि ट्रॅकचा दिवस

नवे पॅड-डिस्क लावल्यावर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ते एकमेकांवर बसवून घ्या: ९० वरून ३० पर्यंत, एबीएस लागू न देता, आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. थोडा वास, थोडा धूर येईल. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा. पॅडवर निर्मात्याची वेगळी पद्धत लिहिली असेल तर तीच पाळा.

ट्रॅकवर शेवटची फेरी संथ घ्या, ब्रेकला जवळजवळ हात न लावता. पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) आल्यावर हँडब्रेक ओढू नका, पायही पेडलवरून काढा. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. गार झाल्यावर चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. पॅडची जाडी आतल्या बाजूनेही मोजा, कारण आतला पॅड बाहेरच्याच्या आधी संपलेला असू शकतो. निळसर झालेली डिस्क, करपलेलं पिस्टनचं रबर, कडेने भुगा होणारा पॅड, यांतलं काही दिसलं तर पुढचं सेशन सोडून द्या.

आणि निघण्यापूर्वी एकदा ब्लीडिंग करा, म्हणजे निपलमधून हवा काढा. बाराशे किलोमीटर परत यायचंय, त्यात खंबाटकीही आहे.